नंदी सतत कान का झटकतो? तान्हा पोळा २०२५ : प्रकल्प नोंदी

२० जुलै २०२५, रविवार

पोळा २२ ऑगस्टला, तान्हा पोळा २३ ला. हातात पाच आठवडे, आणि त्यातले खरे कामाचे दिवस शनिवार-रविवारच. पोराला गेल्या वर्षी शब्द देऊन बसलोय की यंदा त्याचा नंदी मान डोलावेल, कान हलवेल, शेपटी उडवेल.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी दोन ओळी: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात पोरं लाकडी नंदी सजवतात, चाकांवर ओढत घरोघरी नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करतात. दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ मध्ये ही प्रथा सुरू केली असं सांगतात. मुद्दा एवढाच की नंदी दोरीनं ओढत गल्लीभर फिरणार, त्यामुळे भिंतीतल्या प्लगचा इथे काही उपयोग नाही. जे काही करायचं ते बॅटरीवर.

नंदी सागवानी, दीड फूट उंच. मान वेगळी करून लोखंडी दांडीवर बसवून मागितली, तेव्हा सुतार म्हणाला, "मान तोडलेला बैल कोण घेते साहेब?" करून मात्र सुबक दिला. मानेला एमजी ९९६ आर, धातूच्या दातेऱ्यांचा मोठा सर्व्हो (सांगितलेल्या कोनात जाऊन थांबणारी मोटर). दोन कान आणि शेपटीला एसजी ९०, ते निळे छोटे नऊ ग्रॅमवाले. डोकं म्हणून अर्डुइनो नॅनोचा क्लोन, म्हणजे प्रोग्रॅम भरता येतो असा छोटा बोर्ड. सगळं सामान बर्डीतून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून आणलं.

प्रोग्रॅम साधा आहे: चालू झाल्या झाल्या दोन्ही कान दोनदा झटकायचे (हा नंदीचा नमस्कार), मग मान संथ खाली-वर, मध्येच शेपटी. आज फक्त कान जोडून लॅपटॉपच्या यूएसबीवर चालवून पाहिले. छान हलले. पोरगा खूश, मीही.

२६ जुलै, शनिवार

चारही सर्व्हो जोडले. सर्व्होंचा लाल धागा नॅनोच्या ५ व्होल्टच्या पिनला, आणि नॅनोला नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. नेटवरच्या निम्म्या चित्रांत अशीच जोडणी असते.

बटण दाबलं. कान दोनदा हलले, मान खाली जायला लागली, अर्ध्यात थांबली. पुन्हा कान दोनदा. मान हलली, थांबली. पुन्हा कान. असं दहा-बारा वेळा झालं. बाबा आरामखुर्चीतून बघत होते, म्हणाले, "काऊन रे, नंदीले माशा लागल्या का?"

कान पुन्हा पुन्हा झटकणं म्हणजे प्रोग्रॅम पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू होणं, म्हणजेच नॅनो रीसेट होणं. नॅनोवरच्या चिपचा पुरवठा २.७ व्होल्टच्या खाली गेला की ती स्वतःला बंद करते आणि वर आला की नव्यानं सुरू होते. मान ओढायला लागली की व्होल्टेज कोसळतं, नॅनो मरते. नॅनो मेली की मानेचा सिग्नल जातो, भार सुटतो, व्होल्टेज सावरतं, नॅनो जिवंत होते. आणि परत नमस्कार.

हिशोब आधीच केला असता तर बरं झालं असतं. या मोठ्या सर्व्होची माहितीपत्रिका सांगते की तो अडकला तर ६ व्होल्टवर अडीच अँपिअरपर्यंत ओढतो. चौकोनी बॅटरी म्हणजे आत सहा चिमुकले सेल एकापुढे एक. व्होल्टेज भरपूर, पण जोर नाही. धुराच्या अलार्मसाठी, मल्टिमीटरसाठी ठीक. त्यात माझी साधी झिंक-कार्बनची, जिचा अंतर्गत रोध कैक ओहमांत असतो. अर्धा अँपिअर मागितला तरी ती मान टाकणार.

दुसरी चूक नॅनोच्या ५ व्होल्ट पिनची. बॅटरीचे ९ आणि पिनवरचे ५, मधले ४ व्होल्ट बोर्डावरचा नखाएवढा रेग्युलेटर उष्णता करून टाकतो. अर्ध्या अँपिअरला दोन वॅट. बोट लावून पाहिलं. लावायला नको होतं.

२७ जुलै, रविवार

सर्व्होंना वेगळी बॅटरी दिली: चार पेन्सिल सेलचा डबा, ६ व्होल्ट. नॅनोला नऊ व्होल्टवालीच ठेवली, एकट्या नॅनोला वीसेक मिलिअँपिअर लागतात, तेवढं ती देते.

चालू केलं तर नंदीला हुडहुडी भरल्यासारखं. चारही सर्व्हो थरथरतात, कोणी सांगितलं तिथे जात नाही. वीस मिनिटं प्रोग्रॅममध्ये दोष शोधत बसलो. मग ट्यूब पेटली: दोन बॅटऱ्यांचे काळे धागे एकमेकांना जोडलेलेच नाहीत. नॅनो "सिग्नल ५ व्होल्ट" म्हणते ते तिच्या शून्यापासून मोजून. सर्व्होचं शून्य दुसऱ्याच बॅटरीचं. दोघांची शून्यं वेगळी, मग त्यांचं बोलणं जुळणार कसं? ग्राउंड एक केला, हुडहुडी गेली. पुस्तकात शंभरदा वाचलेलं होतं हे.

घड्याळासाठी आणलेले साधे सेल होते, ते सात-आठ मिनिटांत दमले. मान खाली जायची आणि वर यायला नकार द्यायची. दुकानातून अल्कलाइन आणले, बराच फरक पडला. पण मान अजूनही वर येताना दोन-तीन झटके घेते. सलग येत नाही.

रीसेट बंद झाले हे मात्र खरं. आजचा दिवस इथेच.

२ ऑगस्ट, शनिवार

आठवडाभर डोक्यात तेच. सेल नवे, तरी मान झटके का घेते? मीटर लावून बसलो. सर्व्होच्या टोकांवर मान स्थिर असताना ५.९, हलताना ५.१, ५.३, ५.०. एवढ्यानं काही बिघडायला नको, हा सर्व्हो ४.८ पर्यंत चालतो.

पण मल्टिमीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, आणि तोही मधल्या काळाची सरासरी दाखवतो. सर्व्हो जागचा हलतो त्या क्षणी मोटर थांबलेली असते, ती अडकलेल्या मोटरइतकाच करंट ओढते, काही मिलिसेकंद. तो खड्डा मीटरला दिसणारच नाही. ऑसिलोस्कोप माझ्याकडे नाही, आणि एका बैलासाठी घेऊ दिला जाणार नाही.

मग नॅनोलाच कामाला लावलं. सर्व्होच्या पुरवठ्यावर १० किलोओहम आणि १ किलोओहमचा दुभाजक (व्होल्टेज ठरलेल्या प्रमाणात कमी करणारे दोन रोध), मधला बिंदू नॅनोच्या व्होल्टेज मोजणाऱ्या ए० पिनवर, संदर्भ म्हणून चिपमधलाच १.१ व्होल्ट. असं केलं की १२ व्होल्टपर्यंत मोजता येतं आणि साधारण १२ मिलिव्होल्टचा बारकावा मिळतो. एक वाचन दहा-हजारांश सेकंदाच्या आसपास. प्रत्येक डोलण्यात सगळ्यात कमी आलेला आकडा तेवढा लक्षात ठेवायचा आणि लॅपटॉपवर छापायचा. चार ओळींचा प्रोग्रॅम.

मीटरवर ५.० दिसत होते तेव्हा नॅनोनं पकडलेला तळ ३.४.

पंधरा मिनिटं मी नुसता तो आकडा बघत होतो. इतके दिवस मी जे "५ व्होल्ट आहेत" म्हणून गृहीत धरलं होतं, ते नव्हतेच.

एक टीप स्वतःसाठी: १.१ व्होल्टचा संदर्भ प्रत्येक चिपमध्ये थोडा पुढेमागे असतो. मीटरशी एकदा ताडून गुणक ठरवून घेतला. माझ्या चिपचा १.०८ निघाला.

३ ऑगस्ट, रविवार

आजचा दिवस लिथियमच्या नादात गेला. ऑनलाइन मागवलेले दोन १८६५० सेल (लिथियमचे जाड नळकांडी सेल) आले, वर क्षमता ठसठशीत "९९०० एमएएच". चांगल्या सेलमध्ये ३५०० च्या आसपास मावतं, त्यामुळे संशय होताच. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले: एक ३१ ग्रॅम, दुसरा ३२. या आकाराचा खरा सेल पंचेचाळीसच्या पुढेच भरतो. पैसे परत मागितले आहेत.

खरे सेल ई-बाइकची कामं करणाऱ्याकडे मिळतील. पण संध्याकाळी बाबा आणि बायको दोघांनीही एकाच सुरात विचारलं की हे पोरांच्या हातात, पावसात, गल्लीत, पेटलं तर? मी संरक्षक सर्किटाबद्दल सांगायला लागलो आणि मध्येच थांबलो. नंदी उलटा पडणार, नाल्यात जाणार, दहा पोरं त्याच्या पोटात बोटं घालणार. लिथियम वाईट नाही, ही जागा त्याची नाही. लिथियमला इथेच रामराम.

निकेल मेटल हायड्राइडचे चार्ज होणारे पेन्सिल सेल घ्यायचं ठरलं. प्रत्येकी १.२ व्होल्ट, चार म्हणजे ४.८, ताजे भरलेले असताना ५.५ च्या आसपास. पाच लावायचा मोह होता, पण ताजे भरलेले पाच सेल ७ च्या जवळ जातात आणि छोट्या एसजी ९० ना ६ च्या वर द्यायचं नाही. चारच. कागदावर अल्कलाइनपेक्षा कमी व्होल्ट, पण अंतर्गत रोध कितीतरी कमी: प्रत्येकी तीसेक मिलिओहम. चारांचे मिळून ०.१२ ओहम, अडीच अँपिअरला ०.३ व्होल्टचं नुकसान. अल्कलाइनचा डबा तेवढ्याला दीड-दोन व्होल्ट खातो.

९ ऑगस्ट, शनिवार, राखी पौर्णिमा

बहीण आली होती, दुपारपर्यंत कामाला हात नाही. पण तिच्या मुलीनं एक दोष काढला तो बरोबर होता: "मामा, याला दोन बटणं कशाला?" एक नॅनोचं, एक सर्व्होंचं. पोरं एकच दाबतील आणि नंदी मेला म्हणून रडत येतील. एकच बॅटरी, एकच बटण हवं.

म्हणजे नॅनोलाही त्याच चार सेलवर आणायचं, आणि तिथे मान हलली की खड्डा. नॅनोला खड्ड्यापासून वाचवायचं.

सगळे सांगतात, "मोठा कपॅसिटर टाक." टाकला, १००० मायक्रोफॅरडचा, सर्व्होंच्या पुरवठ्यावर. तळ ३.९ वरून ४.० झाला. बस? मग कागद घेतला. २ अँपिअर, ५० मिलिसेकंद, १००० मायक्रोफॅरड: एकट्या कपॅसिटरनं हे पुरवायचं म्हटलं तर त्याचं व्होल्टेज १०० नं पडायला पाहिजे. त्याच्याकडे आहेत पाच. एक मिलिसेकंदाचा धक्का असेल तरी २ व्होल्ट जातात. म्हणजे मोटरसाठी हा कपॅसिटर म्हणजे विहीर आटलेली असताना दारात भरून ठेवलेला तांब्या.

पण तोच तांब्या नॅनोला दिला तर? तिची तहान २० मिलिअँपिअर. त्याच ५० मिलिसेकंदांत व्होल्टेज फक्त १ नं पडेल. तेवढं तिला चालतं. अट एकच, तांब्यातलं पाणी मोटरनं प्यायला नको. म्हणून मध्ये एक शॉटकी डायोड, १एन५८१९: बॅटरीकडून नॅनोकडे वाट मोकळी, उलटी बंद. डायोड स्वतः पाव व्होल्ट खातो, चालेल.

जोडलं. मुद्दाम मान हातानं दाबून धरली. सर्व्हो गुरगुरला, तळ ३.१ पर्यंत गेला, नंदीनं कान झटकले नाहीत. पाच वेळा केलं, एकदाही नाही. बाबांना सांगितलं, माशा गेल्या.

एकच बटण झालं. पण सर्व्होंना मिळणारे व्होल्ट अजून ३.१ पर्यंत पडतातच, आणि मान वर येताना अजूनही अडखळते. सेल तर आता चांगले आहेत.

१० ऑगस्ट, रविवार

सेल चांगले असतील तर त्यांच्या टोकांवर काय आहे? मान दाबून धरायला पोराला बसवलं. मीटर आधी १० अँपिअरच्या भोकात घालून करंट पाहिला, १.६ अँपिअर. मग मीटर काढून टाकला, कारण त्याच्या स्वतःच्या वायरी वाटेत बसून व्होल्टेज खातात, आणि व्होल्टवर आणला. सेलच्या टोकांवर ४.९२. सर्व्होच्या टोकांवर ३.८२.

१.१० व्होल्ट वाटेत गायब! दोन आठवडे मी बॅटऱ्या बदलतोय.

मग तुकड्या-तुकड्यानं मोजलं. मीटरची दोन्ही टोकं एकाच धाग्याच्या दोन बाजूंना लावायची, भार चालू ठेवून. चांगल्या वायरीवर जवळजवळ शून्य दिसायला हवं. दिसलं ते असं: डब्याच्या स्प्रिंगा आणि पत्र्या मिळून ०.२२. इवल्याशा सरकत्या बटणावर ०.३१, एका बटणावर! ब्रेडबोर्ड आणि त्याकडे जाणाऱ्या रंगीत जंपर वायरी, ०.४४. आणि परतीच्या काळ्या धाग्यांवर ०.१३, जो मी जवळजवळ मोजायचा विसरलो होतो. करंट जातो तितकाच परत येतो, येतानाही तितकंच भाडं देतो.

त्या सुंदर सप्तरंगी जंपर वायरींमध्ये केसाएवढ्या तारा असतात, आणि स्वस्तातल्या असल्या की तांबंही पूर्ण नसतं. एक कापून चुंबकाजवळ नेली, ती चिकटली. तांब्याची वायर चुंबकाला चिकटत नाही.

पोरगा मान धरून धरून कंटाळला, "पप्पा, सोडू का?" म्हणाला. सोडली तर मान उसळून त्याच्या हनुवटीला लागली. बर्फ लावला. पुढच्या वेळी क्लॅम्प.

दुपारी कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून ०.७५ स्क्वेअरची वायर दोन मीटर, लाल आणि काळी, आणि एक्सटेन्शन बोर्डावर असतं तसलं ६ अँपिअरचं बटण आणलं. ब्रेडबोर्ड काढून सगळं झिरो पीसीबीवर (भोकाभोकांच्या कोऱ्या पट्टीवर) घेतलं. सोल्डर केलं, बाबांच्या भाषेत पक्का डाख दिला. सर्व्होंचा पुरवठा जाड वायरीतून, नॅनोचा फाटा वेगळा, आणि दोन्ही वाटा सेलच्या डब्यापाशीच फुटतात, पुढे कुठे नाही. डब्याच्या पत्र्या बारीक पॉलिश पेपरनं घासल्या.

त्याच १.६ अँपिअरला वाटेतलं नुकसान आता ०.२१. दोरा बदलून सुतळी घेतल्यासारखं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी झेंडावंदन, मग सलग दिवसभर नंदी.

उघडा नंदी आता झकास डोलतो. मग बायकोनं साज काढला: बाशिंग, शिंगांचे गोंडे, कपाळावर घुंगरांची पट्टी. सजवला, चालू केला, मान खाली गेली आणि खालीच राहिली. सर्व्हो गुरगुरतोय, गरम होतोय.

हे विजेचं दुखणं नव्हतं. खरं तर पहिल्या दिवसापासून निम्मं दुखणं हेच असणार. डोकं काढून तोललं: ४२० ग्रॅम. दांडीपासून त्याचा तोल साधारण ८ सेंटिमीटरवर. म्हणजे ३.४ किलो-सेंटिमीटरचा भार, उभ्या उभ्या. साज १८० ग्रॅम, तोही सगळा पुढे, १२-१३ सेंटिमीटरवर, आणखी सव्वादोन. बेरीज साडेपाचच्या वर. सर्व्होवर "९.४ किलो" लिहिलेलं असतं ४.८ व्होल्टला, पण तो आकडा अडकून थांबण्याचा आहे, काम करण्याचा नव्हे. त्याच्या निम्म्याच्या वर भार दिला की तो सतत अँपिअरनं करंट ओढत धरून ठेवणार, आणि बॅटरीला मी शिव्या देणार.

मोठा सर्व्हो घ्यावा का म्हणून बर्डीला निघायच्या तयारीत होतो. बाबांनी विचारलं काय झालं. सांगितलं, डोकं जड आहे. त्यांनी जन्मभर बंड्या, म्हणजे बैलगाड्या, हाकल्या आहेत. ते म्हणाले, "पुढं भार जास्त झाला का जू बैलाच्या मानेवर दाबते. मंग दुसरा बैल नाही आणत कोणी. माल मागं सरकवतेत." आणि मग सावध केलं, जास्त मागे घेतलास तर उलाळेल.

दांडीच्या मागच्या बाजूला, नंदीच्या पोकळ खांद्यात, ५ सेंटिमीटरवर एक पत्र्याची डबी बसवली आणि तिच्यात नटबोल्ट टाकत गेलो. पाचशे ग्रॅम, सहाशे. हजाराला थोडे कमी असताना सर्व्हो न लावताही डोकं ठेवू तिथे थांबायला लागलं. दोन नट जास्त टाकले तर नाक आभाळाकडे, म्हणजे उलाळला. ते काढले. मान अगदी किंचित पुढे जड ठेवली, म्हणजे दातेऱ्यांतला खेळ एकाच बाजूला राहतो आणि मान लटपटत नाही.

सर्व्हो लावला. मान धरून ठेवायला आधी १.४ अँपिअर जात होते, आता ०.१५ च्या आत. पूर्ण साजासकट. बाबा टीव्हीकडे वळले होते, त्यांना दाखवायला परत बोलावलं.

जाता जाता प्रोग्रॅममध्येही तीन बदल. एक, मानेला दोन्ही टोकांना लाकडावर आदळेपर्यंत जाऊ द्यायचं नाही, १० अंश आधीच थांबायचं. नाहीतर सर्व्हो लाकडाशी कुस्ती खेळत राहतो. दोन, एका उडीत नाही, दर २० मिलिसेकंदांना एक अंश. बैल तसाही सावकाशच डोलतो. तीन, सुरुवातीला चारही सर्व्हो एकदम जोडायचे नाहीत. अर्डुइनोची तयार सर्व्हो लायब्ररी सर्व्होला जोडताच आपणहून मधल्या जागेचा, १५०० मायक्रोसेकंदांचा, सिग्नल देते. चारही एकदम तिकडे उडी मारतात आणि बॅटरीला पहिलाच धक्का सगळ्यात मोठा बसतो. आता जोडण्याआधीच कुठे राहायचं ते लिहितो, आणि प्रत्येकाच्या मध्ये अर्धा सेकंद.

नॅनोनं पकडलेला तळ: ४.६.

१७ ऑगस्ट, रविवार

सजावट चालू. शिंगांना बेगड लावत होतो, सोनेरी कागदाची चकचकीत पट्टी. एक तुकडा निसटून पोटातल्या उघड्या झिरो पीसीबीवर पडला. चर्र, एक ठिणगी, जळका वास. बेगडाला मधोमध भोक, कडा काळ्या. सेल काढेपर्यंत हात थरथरत होते.

लिथियम नको म्हणून जो हुशारपणा केला, त्यात हे विसरलो होतो की कमी अंतर्गत रोध म्हणजे शॉर्ट झाल्यावर धबधबाही तेवढाच मोठा. हे चार पेन्सिल सेल क्षणभर दहा-वीस अँपिअर सहज देतात. दुचाकीत असतो तसला ५ अँपिअरचा पट्टीचा फ्यूज सेलच्या डब्याला लागून बसवला. तो १.६ अँपिअरला ०.०३ व्होल्ट खातो, मोजून पाहिलं. पीसीबीला खालून-वरून जाड पुठ्ठा आणि टेप, पोटाला झाकण आणि स्क्रू. स्क्रू ड्रायव्हर माझ्या खिशात राहील.

पीसीबी वाचली. १एन५८१९ ची एक तार सुटली होती, परत डाख दिला.

२१ ऑगस्ट, गुरुवार

ऑफिसमधून आल्यावर शेवटची चाचणी. सेल पूर्ण भरून संध्याकाळी साडेसातला नंदी चालू करून ठेवला. सरासरी करंट ०.३ अँपिअर, सेल २००० एमएएचचे. कागदावर सहा तासांच्या वर. दहाला बंद केला, अडीच तास झाले होते. पोरांचा कार्यक्रम दोन तासांच्या वर जात नाही. टोकांवर ५.२ होते ते ४.९ झाले. सर्व्हो कोमट, बटण थंड.

बायको म्हणाली, रात्रभर तो हॉलमध्ये मान डोलावत बसला तर घाबरायला होईल. सेल काढून ठेवले.

२३ ऑगस्ट, शनिवार, तान्हा पोळा

सकाळी मारबतीच्या (इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याच्या) मिरवणुकीचा आवाज ऐकत शेवटचे गोंडे बांधले. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणताना मी मनात त्या सरकत्या बटणाचंही नाव घेतलं.

चारला गल्लीत पोळा फुटला. आठ-दहा नंदी, त्यात आमचा एकटाच मान हलवणारा. पहिल्या घरी काकूंनी औक्षण करताना नंदीनं नेमकी मान खाली घातली आणि त्यांच्या हातातलं तबक सुटता सुटता राहिलं. बोजाऱ्यात वीस रुपये आणि चॉकलेट.

एकदाच कान झटकले. पाइपलाइनसाठी खोदून ठेवलेल्या पट्ट्यात पोरगा नंदीला धावत घेऊन गेला, चाक आदळलं, आणि नंदीनं पुन्हा नमस्कार केला. मी मागेच होतो, लगेच कळलं: आदळल्यावर सेल स्प्रिंगवर उसळून क्षणभर सुटला असणार, आणि तो क्षण नॅनोच्या तांब्यापेक्षा मोठा ठरला. कडेला घेऊन झाकण उघडलं, अगरबत्तीच्या पुड्याचा पुठ्ठा दुमडून सेल आणि झाकणाच्या मध्ये ठासला. पुन्हा झालं नाही.

स्पर्धेत बक्षीस खऱ्या कापसाची बोंडं आणि शेणखताची छोटी बंडी जोडलेल्या नंदीला मिळालं. बरोबरच होतं, तो सुंदर होता. आमच्या नंदीभोवती मात्र पोरांचा गराडा जास्त, आणि "आत काय आहे?" हा प्रश्न मला सगळ्या मोठ्या माणसांनी विचारला.

२४ ऑगस्ट, रविवार

सेल काढून एकेक मोजले, भाराशिवाय: १.२५, १.२४, १.२५, १.०९. चौथा मागे पडलाय. चारही एकाच पाकिटातले. चार्जरमध्ये एकटा घालून पाहिला, तो इतरांच्या दीड तास आधी "भरलो" म्हणाला. त्याच्यावर मार्करनं फुली मारली. टीव्हीच्या रिमोटमध्ये चालेल.

कालच्या फेरीतला सगळ्यात खालचा आकडा नॅनोनं लिहून ठेवला होता: ४.४१.

शेपटीचा एसजी ९० टिकटिक करतोय, एक दाता गेला असावा. पोरगा म्हणतो पुढच्या वर्षी नंदीनं हंबरायला पण पाहिजे.